मे महिन्यातली रानवाट : रतनगड ते हरिश्चंद्रगड

उन्हाळ्याची सुटी लागली, की घराघरांत थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते. कुणी महाबळेश्वरचे नाव घेतो, कुणी माथेरानचे, तर कुणाला थेट सिमल्याची गाडी पकडायची असते. नाशिकच्या एका शिक्षक दांपत्याच्या घरीही हीच चर्चा चालली होती. इंदूरहून सुटीसाठी आलेली आत्या मात्र म्हणाली, ‘‘थंड हवा काय, घरी पंख्याखालीही मिळते. मला तुमचा सह्याद्री दाखवा, आणि तोही पायी चालून.’’

आत्याचे वय बावन्न. शिक्षकांना वाटले, ती थट्टा करते आहे. कॉलेजात जाणारा मुलगा तर हसलाच. पण आत्या रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारी बाई. तिने हट्ट सोडला नाही. अखेर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाठीवर पिशव्या बांधून चौघेही भंडारदऱ्याला पोहोचले. रतनवाडीहून रतनगड, तेथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पुढे पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड, असा पाच दिवसांचा बेत होता. रात्री गावात काढायच्या आणि दिवसा रानातून चालायचे.

पावसाळ्यानंतर ही वाट गिर्यारोहकांनी फुललेली असते. मे महिन्यात तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. त्याची कारणे या चौघांना पुढे कळणार होतीच. पण मे महिन्यात तिकडे का जावे, हेही त्यांना कळणार होते.

धरणाच्या काठाने

भंडारदरा हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील गाव. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर इंग्रजांच्या काळात येथे दगडी धरण बांधले गेले. १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. धरणाला विल्सन धरण आणि जलाशयाला आर्थर लेक ही नावे तेव्हापासूनची. जलाशयाच्या काठाकाठाने जाणारा रस्ता रतनवाडीला पोहोचतो. मे अखेरीस पाणी बरेच खाली गेलेले असते आणि काठावर मातीचे पट्टेच्या पट्टे उघडे पडतात. एरवी पाण्याखाली असलेल्या जमिनीवर गुरे चरताना दिसतात.

रतनवाडीत अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. काळ्या पाषाणातले, पायापासून शिखरापर्यंत कोरीव कामाने मढलेले. जवळच रेखीव पुष्करणी आहे. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि मंदिराच्या सभामंडपात पाय टाकताच गारवा, हा फरक इतका जाणवतो, की भाविक नसलेला माणूसही घटकाभर तेथे बसतोच.

चौघांनी गावात एका घरी उतरण्याची सोय केली होती. घरच्या पुरुषानेच पुढे वाट दाखवायची, असे ठरले. साठीच्या आसपासचे, काटक शरीराचे, कमी बोलणारे गृहस्थ. आत्याने पहिल्याच संध्याकाळी त्यांना ‘मामा’ म्हणायला सुरुवात केली आणि मग ते सगळ्यांचेच मामा झाले.

मामांनी आल्याबरोबर पहिला प्रश्न विचारला, ‘‘पाण्याच्या बाटल्या किती हायेत?’’

प्रत्येकाकडे दोन होत्या. मामांनी मान हलवली. ‘‘माणशी चार लिटर. कमी चालायचं न्हाई. कपडे कमी करा.’’

मुलाला हे पटले नाही. चार लिटर पाणी म्हणजे पाठीवर चार किलोंचे ओझे. डोंगरात झरे असतातच की! त्याने मान डोलावली आणि गप्प बसला.

काजव्यांची रात्र

जेवणे झाल्यावर मामा सगळ्यांना गावाबाहेरच्या झाडांकडे घेऊन गेले. विजेऱ्या बंद ठेवायच्या, अशी अट होती. दहा मिनिटे काहीच दिसेना. मग डोळे अंधाराला सरावले आणि समोरचा सादडा हलकेच उजळला, विझला, पुन्हा उजळला. शेजारच्या हिरड्याने त्याला उत्तर द्यावे तसा तोही लुकलुकू लागला. पाहता पाहता बेहडा, जांभूळ, उंबर अशी झाडामागून झाडे काजव्यांनी लखलखली. एका झाडावरचे हजारो काजवे एकाच तालात चमकत होते आणि एकाच तालात विझत होते.

मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, म्हणजे वळवाच्या सरी येऊ लागल्यापासून पावसाने जोर धरेपर्यंत, हा खेळ चालतो. काजव्याच्या पोटाकडच्या भागात होणाऱ्या रासायनिक क्रियेतून हा थंड प्रकाश निर्माण होतो. नर त्याने मादीला साद घालतो. विजेरीचा झोत किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला, की ही साद त्या उजेडात बुडून जाते. काजवे पाहायला अलीकडे मोठी गर्दी होऊ लागली आहे. गाड्यांचे दिवे आणि झाडाखाली तुडवली जाणारी जमीन यांमुळे त्यांचे नुकसान होते, म्हणून वनखात्याला निर्बंध घालावे लागतात. अंधारात गप्प उभे राहायची तयारी असेल, त्यानेच हा सोहळा पाहायला यावे.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. परतताना एवढेच म्हणाली, ‘‘सिमल्याला हे नसते हो.’’

पहाटेचा रतनगड

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारलाच मामांनी हाक मारली. उन्हाळ्यात डोंगर चढायचा, तर सकाळी अकराच्या आत दिवसाचे काम संपवायचे, हा त्यांचा नियम. सामान घरीच ठेवून, फक्त पाणी आणि गूळ-शेंगदाणे घेऊन सगळे निघाले.

वाट आधी प्रवरेच्या पात्रातून जाते. ज्या नदीच्या नावाने पुढे कालवे वाहतात आणि उसाचे मळे डोलतात, ती येथे गोट्यांची कोरडी ओळ होऊन पडलेली असते. पात्र ओलांडले, की दाट झाडी लागते. हे रान उन्हाळ्यातही पुरते उघडे पडत नाही. जांभूळ, हिरडा, आंबा, अंजनी यांची पाने टिकून असतात. खाली वाळलेल्या पाचोळ्याचा खच आणि वर हिरवे छत. करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी लगडलेल्या होत्या. शिक्षकांच्या पत्नीने ओंजळभर करवंदे तोडली. चिकाने बोटे चिकट झाली, पण त्या आंबटगोड चवीने घशाची कोरड गेली.

पुढे वाट दुभंगते. एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे जातो, दुसरा गडावर. गडाकडच्या वाटेवर कातळाला लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. त्या चढून गेले, की गणेश दरवाजा येतो. रतनगडाला गणेश, हनुमान, कोकण आणि त्र्यंबक असे चार दरवाजे आहेत. माथ्याची उंची १,२९७ मीटर. गडाची खरी ओळख म्हणजे त्याचे नेढे. कातळाच्या भिंतीला निसर्गानेच पाडलेले हे आरपार भोक. सुईच्या नेढ्यासारखे दिसते म्हणून हे नाव. नेढ्यात उभे राहिले, की घामाने भिजलेल्या अंगाला असा वारा लागतो, की क्षणभर मे महिना विसरावा. समोर अलंग, मदन आणि कुलंग हे बेलाग किल्ले उभे असतात. पलीकडे कळसूबाई दिसते. १,६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर.

नेढ्याकडे जाण्याआधी मामांनी सर्वांना थांबवून विचारले होते, ‘‘कुणी सेंट लावलाय का? बिडी-काडी कुणाकडं हाय का?’’ उन्हाळ्यात कड्यांवर आग्या मोहोळे असतात. उग्र वास, धूर किंवा आरडाओरड यांनी माश्या बिथरतात आणि थव्याने तुटून पडतात. कड्यावर पळायला जागा नसते. शिवाय वाळलेल्या गवतात पडलेली एक ठिणगी वणव्याला पुरते. रानातल्या उन्हाळ्याचे हे दोन धोके पुस्तकात वाचलेले असतात, पण काळवंडलेला उतार आणि कड्याला लोंबणारी पोळी पाहिल्यावरच ते मनाला पटतात.

गडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतली काही आटली होती. काहींत पाणी होते. चार महिने जेथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो, तेथे पाण्यासाठी कातळ का खोदावा लागला, असे आत्याने विचारले. शिक्षकांनी ते समजावून सांगितले. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर. हा काळा कातळ पाणी फारसे शोषून घेत नाही. पाणी मुरते ते त्याच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. उतार तीव्र, माती पातळ. त्यामुळे पावसाचे पाणी पाहता पाहता दरीत निघून जाते. गड राखणाऱ्यांनी म्हणूनच कातळ खोदून ते अडवले.

साडेदहाला सगळे परत रतनवाडीत होते. दुपारी अंगण तव्यासारखे तापले. मामांच्या ओसरीवर मात्र ताक होते, कांदा-भाकरी होती आणि दोन तासांची गाढ झोप होती.

खिंडीची चढण

तिसरा दिवस सर्वांत लांब पल्ल्याचा. कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत गाठायचे होते. सामान पाठीवर, म्हणून निघायची वेळ आणखी अलीकडे आणलेली. तरी शिक्षकांच्या चपलेचा पट्टा तुटला, आत्याच्या पिशवीची शिवण उसवली आणि निघायला साडेसहा वाजले. डोंगरात सकाळचा एक तास वाया गेला, की दुपारी तो सव्याज फेडावा लागतो.

फाट्यापर्यंतची वाट ओळखीची होती. पुढची चढण मात्र सरळ उभी. झाडी दाट असली, की सावली मिळते, पण वारा अडतो. घाम येतो, तो वाळत नाही. आणि घाम वाळला नाही, तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे रानातल्या सावलीत चालताना ऊन लागत नसले, तरी अंगातली उष्णता साचत जाते.

दहाच्या सुमारास मुलगा मागे पडू लागला. आधी त्याने बुटाची नाडी सुटल्याचे निमित्त केले. मग पोटरीत गोळा आला, म्हणून बसला. डोके दुखत होते, मळमळत होते. शिक्षकांनी त्याची पिशवी उघडली. आत एकच बाटली निघाली, तीही रिकामी. ओझे नको म्हणून बाकीच्या बाटल्या त्याने रतनवाडीतच मामांच्या माचाखाली सरकवून ठेवल्या होत्या.

कोणी त्याला रागावले नाही. तेवढा वेळच नव्हता. मामांनी त्याला एका आंब्याखाली आडवे केले. बूट काढले, सदऱ्याची बटणे सोडली, पायांखाली पिशवी ठेवून ते उंच केले. आत्याने आपली ओढणी भिजवून त्याच्या मानेवर आणि कपाळावर ठेवली आणि दुसऱ्या टोकाने वारा घालू लागली. शिक्षकांच्या पत्नीने मीठ-साखरेचे पाणी करून चमच्याचमच्याने पाजायला सुरुवात केली.

हा उन्हाचा पहिला इशारा असतो. चक्कर, डोकेदुखी, पायांत गोळे, मळमळ ही लक्षणे दिसताच थांबले, सावली आणि मीठ-साखरेचे पाणी दिले, तर माणूस तासा-दोन तासांत सावरतो. मात्र तो असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसावा इतके तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी अंग भिजवून, वारा घालून ते ताबडतोब थंड करायचे आणि दवाखाना गाठायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालायचे नाही. ते श्वासनलिकेत जाते. जेथून मोटार-रस्ता काही तासांच्या अंतरावर आहे, तेथे पहिला इशारा ओळखणे हाच खरा उपाय.

मुलगा सावरू लागला, पण आता पाण्याचा हिशेब कोलमडला होता. पाच माणसांत मिळून जेमतेम तीन लिटर उरले होते. पुढे जायचे की मागे फिरायचे, असा प्रश्न पडला. मामा म्हणाले, ‘‘बसा. मी येतो.’’ आणि रिकाम्या बाटल्या घेऊन ओहळाच्या पात्रात उतरले.

ओंजळभर झरा

अर्धा तास झाला तरी मामा परतले नाहीत. शिक्षक आणि आत्या त्यांना पाहायला खाली गेले. मामा एका मोठ्या दगडाच्या बुडाशी उकिडवे बसले होते. दगडाच्या कडेला काट्यांची एक फांदी बाजूला सारलेली. तिच्याखाली ताटाएवढा खड्डा आणि त्यात चार बोटे पाणी. मामा एका वाटीने ते पाणी अलगद उचलत, फडक्यातून बाटलीत गाळत आणि मग नुसते बसून राहत. खड्डा पुन्हा भरायला पाच-सात मिनिटे लागत होती. मग पुन्हा वाटी.

आत्या त्यांच्या शेजारी बसली. दोघेही काही बोलत नव्हते. कातळाच्या भेगेतून पाणी झिरपताना दिसतही नव्हते. फक्त खड्ड्यातल्या पानाची कड हळूहळू वर उचलली जात होती.

तीन बाटल्या भरल्यावर मामा उठले. शिक्षक म्हणाले, ‘‘अजून एक भरून घेऊ या का? वेळ आहे.’’

‘‘न्हाई,’’ मामा म्हणाले. ‘‘सांजंला जनावरं येत्यात. भेकर येतं, रानडुक्कर येतं. मागून गुराखीबी यील. त्यांना ठिवायला पायजे.’’

त्यांनी काट्यांची फांदी पुन्हा होती तशी ठेवली. ती फांदी कुणीतरी मुद्दाम ठेवली होती, हे शिक्षकांच्या तेव्हा लक्षात आले. पाण्यात पाचोळा पडून ते कुजू नये आणि गुरांच्या खुरांनी खड्डा बुजू नये, म्हणून. या झऱ्याला नकाशावर नाव नव्हते, पण त्याची काळजी घेणारे हात होते.

वर येऊन आत्याने मुलाच्या हातात बाटली दिली आणि झऱ्याचा खड्डा केवढा होता, ते हाताने दाखवले. मुलाने बाटली तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि झाकण लावून टाकले.

ऊन उतरेपर्यंत सगळे त्याच सावलीत पडून राहिले. त्यानंतर खिंड चढून पलीकडे उतरायला दोन-अडीच तास लागले. आजोबाच्या प्रचंड डोंगरावर तांबूस ऊन रेंगाळत असताना कुमशेतची घरे दिसू लागली.

विहिरीवरची रांग

कुमशेत हे डोंगरांच्या कुशीतले गाव. या सगळ्या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यात भाताची खाचरे, एरवी गुरे आणि रान, यांवर त्यांचे जगणे. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोवळा बाळहिरडा गोळा करून विकणे हा अनेक घरांचा रोख पैशाचा आधार असतो. औषधांत आणि कातडी कमावण्यासाठी हिरड्याला मागणी असते.

उतरलेल्या घरी घरधनिणीने पाहुण्यांपुढे पाण्याचा तांब्या आणि पाय धुवायला बादली ठेवली. आत्याने चेहऱ्यावर सपासप पाणी मारले, मानेवर ओतले, पायांवर ओतले. दिवसभराचा शीण उतरला. बादली रिकामी झाली. घरधनीण काही बोलली नाही. तिने रिकामी बादली उचलली, डोक्यावर चुंबळ ठेवली, हंडा घेतला आणि बाहेर पडली.

आत्या तिच्यामागून गेली. विहीर बऱ्याच अंतरावर, उतारावर होती. काठावर सात-आठ बायका आपापली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. विहिरीचे पाणी खोल गेले होते. दोर संपत आला, की भांडे तळाला टेकल्याचा आवाज येई. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढण चढायची, आणि अशा खेपा दिवसाला पाच-सहा.

या बायकांच्या डोक्यावरून पावसाळ्यात जे पाणी वाहून जाते, त्याने खालची धरणे भरतात. घाटघर-रतनवाडीचा हा पट्टा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा. पण धरण असते दरीत आणि वाडी असते डोंगरावर. पाणी आपोआप खाली जाते, वर आणायला माणूस लागतो. अशा कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात येऊन धबधब्याखाली भिजणाऱ्या पर्यटकाला हे कधी दिसत नाही. त्यासाठी मे महिन्यातच यावे लागते.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरधनीण उठण्याआधी आत्या आणि शिक्षकांच्या पत्नी कळश्या घेऊन विहिरीवर गेल्या होत्या. त्यांच्या दोन कळश्यांतले अर्धे पाणी वाटेत सांडले, हे पाहून बायका खूप हसल्या. एकीने आत्याच्या डोक्यावर चुंबळ नीट बसवून दिली आणि म्हणाली, ‘‘मान ताठ ठिवा, ताई. पायाकडं बघू नगा, वाटंकडं बघा.’’ दुसऱ्या खेपेला थोडे कमी सांडले. मुलाने त्या दिवशी आंघोळीचे नाव काढले नाही.

कोकणकडा

चौथ्या दिवसाची चाल सोपी होती. मुळा नदीचे खोरे ओलांडून पाचनई गाठायचे. काही अंतर गाडीवाटेने, काही शेताच्या बांधांवरून. सकाळी निघून ऊन चढायच्या आत सगळे पाचनईत पोहोचले आणि उरलेला दिवस त्यांनी सावलीत काढला. दुपारी आभाळ भरून आले, विजा चमकल्या आणि वळवाची एक सर कोसळून गेली. अशा वेळी माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये, हे मामांनी मुद्दाम सांगितले.

पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला हरिश्चंद्रगडाची चढण सुरू झाली. गडावर जाणाऱ्या वाटांपैकी पाचनईची ही सर्वांत सोपी. वाट एका प्रचंड झुकलेल्या कातळभिंतीच्या पोटाखालून जाते. पावसाळ्यात या भिंतीवरून पाण्याचा पडदा पडतो. आता तेथे फक्त पाण्याचे काळे ओघळ उरले होते. दोन तासांत सगळे हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी आले. दगडातून घडवलेले उंच शिखर, कोनाड्यांची पुष्करणी, भोवताली खोदलेल्या गुहा. चांगदेवांनी येथे तपश्चर्या केली आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला, असे मानले जाते.

मंदिराजवळच केदारेश्वराची गुहा आहे. आत भलेमोठे शिवलिंग आणि त्याच्या चारही बाजूंना पाणी. चार खांबांपैकी आता एकच शाबूत आहे. बाहेर कातळ तापू लागला होता आणि गुहेतले पाणी बर्फासारखे गार होते. मुलाने वाकून तळवा पाण्याला टेकवला. चार दिवस त्याने अंगभर पाणी घेतले नव्हते. पण तो आत उतरला नाही. शिवलिंगाला हात जोडून बाहेर येऊन बसला.

तारामतीचे शिखर सुमारे १,४२५ मीटर उंच आहे. ऊन वाढू लागल्याने मामांनी ते टाळून सर्वांना कोकणकड्याकडे नेले. कड्याच्या अलीकडे सगळ्यांना पोटावर झोपायला लावले आणि सरपटत कडेपर्यंत आणले. नाल वाकवावी तसा आत वळलेला, पश्चिमेकडे तोंड करून उभा असलेला हा प्रचंड कडा. खाली शेकडो मीटर काहीच नाही, आणि त्याच्याही खाली कोकणातली बेलपाड्याची चिमुकली शेते. पावसाळ्याच्या सुमारास दरीत ढग साचलेले असले आणि ऊन पाठीमागून आले, तर येथे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते. १८३५ मध्ये कर्नल साइक्स यांनी ते पाहिल्याची नोंद आहे. मे महिन्यात ते दिसत नाही. पण दरीतला तापलेला वारा कड्याला थडकून सरळ वर उसळत असतो. मुलाने एक वाळलेले पान खाली सोडले. ते घटकाभर खाली गेले, थबकले आणि भिरभिरत त्याच्याच डोक्यावरून मागे निघून गेले.

परतताना पाचनईच्या वाटेवर दोन तरुण भेटले. उन्हात, बाराच्या सुमारास, वर निघालेले. एकाच्या हातात अर्ध्या लिटरची बाटली, दुसऱ्याचे हात रिकामे. ‘‘वर पाणी आहे ना हो?’’ त्यांनी विचारले.

मामा काही बोलण्याआधीच मुलगा म्हणाला, ‘‘दोन तास लागतील. आता चढू नका. चार वाजेपर्यंत गावात थांबा आणि माणशी चार लिटर घेऊन मग निघा.’’ मग त्याने आपली भरलेली बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

कसे जाल, काय घ्याल?

मुंबई-भुसावळ मार्गावरील इगतपुरी हे भंडारदऱ्याला जवळचे रेल्वे स्थानक. तेथून घोटीमार्गे भंडारदऱ्याला जाता येते. नाशिकहून अंतर सुमारे ७० किलोमीटर. भंडारदऱ्याहून रतनवाडीला जीप मिळतात. परतीसाठी पाचनईहून राजूर गाठावे. खेड्यातल्या एस. टी. गाड्या मोजक्याच असतात, म्हणून वेळा आधी विचारून घ्याव्यात.

हा सारा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेश, मुक्काम आणि काजव्यांच्या हंगामातील वेळा यांचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी वन्यजीव विभागाकडे चौकशी करावी. गडावर राहण्यापेक्षा गावात राहावे. जेवणाची सोय होते आणि गावाला चार पैसे मिळतात. स्थानिक वाटाड्या घेतलाच पाहिजे. उन्हाळ्यात कोणता झरा जिवंत आहे, हे त्यालाच ठाऊक असते.

चाल पहाटे साडेचार-पाचला सुरू करावी, अकराला थांबावे, गरज पडल्यास चारनंतर पुन्हा निघावे. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्याला पंचा किंवा टोपी असावी. माणशी चार लिटर पाणी न्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. नुसतेच पाणी पीत राहिल्यानेही घामावाटे गेलेले मीठ भरून येत नाही. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण लक्षात ठेवावे. चमचा चहाचा घ्यावा. कोकम सरबत, पन्हे, सातूचे पीठ, गूळ-शेंगदाणे, कांदा आणि भाकरी हा उन्हाळ्यातला उत्तम शिधा. टाक्यातले किंवा झऱ्याचे पाणी गाळून आणि निर्जंतुक करूनच प्यावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या दिवसांत निघू नये.

आणि मुक्कामाच्या घरी पाय धुवायला बादली पुढे आली, तर ती किती खेपांतून आली आहे, हे आधी विचारावे. नाशिकला परतल्यावर आत्याने स्वयंपाकघरातला गळका नळ पाहिला आणि पिशवी खाली ठेवण्याआधी त्याच्याखाली पातेले सरकवले.